फुकटचा फुटबॉल

सकाळी लॅब उघडली की येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारते, "उपाशी आहात ना?" सगळे हो म्हणतात. मिशीला पोह्यांची हळद लागलेला माणूसही हो म्हणतो. जळगावात रक्त काढायला लागून मला पंचवीस वर्षं झाली. एवढ्या काळात माणसांच्या बोलण्यावरचा माझा विश्वास जवळजवळ उडालाय, नळीत काय निघतं त्यावरच तो उरलाय.

होळीच्या आठवड्यात लॅबचं मशीन दुरुस्त होऊन आलं. ते नीट चालतंय का बघायला कोणाचं तरी रक्त हवं होतं, म्हणून माझंच काढलं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आला सहा पॉइंट चार. मशीन बिघडलेलंच आहे असं ठरवून मी दुसऱ्यांदा लावलं. तोच आकडा. मशीन बरं होतं.

माझी आई पाचोऱ्याला असते. तिची सुरुवात अशीच झाली होती. आधी आकडा, मग गोळी, मग दोन गोळ्या, मग इन्शुलिनची सुई, आणि शेवटी डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. यात गोळीचा काही दोष नव्हता. गोळी मिळाल्यावर आईने बाकी सगळं सोडून दिलं, हा दोष होता. मीही तिचीच मुलगी, त्यामुळे मी काय करीन याबद्दल मला शंका नव्हती.

आमच्या वरच्या मजल्यावर बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट दाखवला. त्या म्हणाल्या, "काठावर आहात. तीन महिने देते. रोज घाम निघेल एवढं काहीतरी करा. तरी आकडा खाली आला नाही तर गोळी सुरू. आणि मला खोटं सांगू नका, आकडा मला दिसतोच."

हे मी घरी सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटातले भाताचे घास मोजले असते.

चालणं दोनदा सुरू केलं, दोनदा सोडलं. मग कॉलनीच्या ग्रुपवर एक निरोप आला. मागच्या शाळेच्या मैदानावर महिलांसाठी फुटबॉल, रोज सकाळी साडेपाच ते साडेसहा, वयाची अट नाही, बुटांची सक्ती नाही, पूर्णपणे मोफत.

मोफत म्हटल्यावर माझे कान टवकारले. मोफत योगासनं मी केली आहेत. आठव्या दिवशी चटईखालून व्हॅनिला शेकच्या पावडरचा डबा निघाला. मोफत हाडांची तपासणी झाली, तिथे कॅल्शियमचा डबा निघाला. एकीच्या भिशीला मोफत आहारसल्ला म्हणून कोणी बाई आल्या होत्या, त्यांनी तर साबुदाणा वडा खाली ठेवायच्या आत डबा काढला. आमच्याकडे आरोग्याचं काहीही फुकट असलं की शेवटी त्यातून डबा निघतो. फक्त किती दिवसांनी, एवढाच प्रश्न असतो.

तरी मी जायचं ठरवलं. डबा निघेपर्यंतचे दिवस तर पदरात पडतील, असा हिशेब केला. नवऱ्याला म्हटलं, "मी उद्यापासून फुटबॉलला जाते." तो पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "जा की." इतक्या सहज हो म्हणाला, त्याचाही मला संशय आला. नंतर कळलं की मी गेल्यावर तो दुसऱ्यांदा चहा करून घेत होता, साखर घालून.

पहिल्या दिवशी आम्ही अकरा जणी होतो. शिकवणारे सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांची बायको साठीच्या घरातली, तिला सगळ्या अक्का म्हणत. अक्काही खेळायच्या, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचून आणि पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट घालून. गोलमध्ये उभी राहायची कापड दुकानवाली मारवाडी भाभी. ती म्हणाली, "तीस साल दुकानाच्या दारातून गिऱ्हाईक जाऊ दिलं नाही, हा तर बॉल आहे."

गोल म्हणजे दोन-दोन विटा. नियम तीनच होते. धक्का द्यायचा नाही, बॉलला हात लावायचा नाही आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. सर शिट्टी वाजवून म्हणायचे, "ताई, गप्पा पळता पळता मारा."

पहिल्या आठवड्यात मला लॅबच्या स्टुलावर बसताना टेबल धरावं लागत होतं. एकदा बॉलला पायाच्या टोकाने लाथ मारली, तर अंगठा सुजून टोमॅटो झाला. पण चालताना मी सारखं घड्याळ बघत असे, ते इथे बघायला विसरत होते. बॉल कुठे आहे हे बघण्यात एक तास जात होता. आणि मी ओरडत होते. "इकडे दे! अगं इकडे!" एवढ्या मोठ्याने मी किती वर्षांत बोलले नव्हते हे आठवायला लागले, तर आठवेना. लॅबमध्ये हळू बोलावं लागतं, घरी बोलून उपयोग नसतो.

तिसऱ्या आठवड्यात एका आजारी आजींचं रक्त घ्यायला जुन्या इमारतीत तीन मजले चढले आणि मधल्या वळणावर थांबले नाही. वर गेल्यावर ते लक्षात आलं. रात्री पडल्या पडल्या झोप लागायला लागली. हे इतकं अचानक झालं की मला रक्तदाब उतरलाय की काय असं वाटलं. दोनदा मोजला. ठीक होता.

डबा मात्र निघत नव्हता.

मी सरांवर लक्ष ठेवून होते. ते कोणाचा फोन नंबर मागत नव्हते. वजनकाटा आणत नव्हते. कोणाचा आधीचा आणि नंतरचा फोटो काढत नव्हते. त्यांची जुनी स्कूटर मैदानाच्या कडेला निंबाखाली उभी असायची आणि तिची डिकी कायम कुलूपबंद. बॉल हँडलला जाळीत लटकवलेला, शिट्टी गळ्यात. मग डिकीत काय? एकदा मी सहज विचारलं, "सर, पंप डिकीत आहे का? बॉल बसलाय जरा." ते म्हणाले, "उद्या भरून आणतो." पंप डिकीतच असणार हे मला कळत होतं. तरी त्यांनी डिकी उघडली नाही.

दुसरा संशय अक्कांच्या बाटलीचा. एप्रिल लागला तसं उन्हं सातच्या आत चटकायला लागली, आणि अक्का खेळ संपल्यावर सगळ्यांना स्टीलच्या ग्लासात पाणी द्यायच्या. मातकट रंगाचं, वर जिऱ्याचे कण. "सातू शे व, पी," असं त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या. मी कधी घेतलं नाही. माझी बाटली मी घरून आणत होते. कोणाचं फुकट प्यायलं की पुढे डबा नाही म्हणता येत नाही, हा माझा अनुभव. पण बाकीच्या दहा जणी पीत होत्या, आणि भाभी म्हणत होती, "यह पिया के दिवसभर ताकत राहते." हे वाक्य मी डब्यांच्या बाबतीत शब्दशः ऐकलेलं होतं.

एक दिवस मी ग्लास घेतला. निंबाआड जाऊन पर्समधली लघवीच्या तपासणीची कोरी डबी काढली, त्यात सातूचं पाणी ओतलं आणि झाकण लावलं.

लॅबमध्ये पहिला पेशंट यायच्या आत ते मशीनवर फिरवून गाळ खाली बसवला. वरच्या निवळ पाण्यात साखरेची पट्टी बुडवली. रंग बदलला नाही. मग लघवीत प्रोटीन जातंय का हे ज्या आम्लाने बघतो, त्याचे थेंब टाकले. नळीत पांढरा ढग उठला. साखर नाही, प्रोटीन भरपूर. व्हॅनिलाच्या त्या डब्यावर याच दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत छापलेल्या होत्या. मी मनात म्हटलं, सापडलात.

दुसऱ्या दिवशी खेळ संपला. सगळ्या निंबाखाली बसल्या होत्या. अक्कांनी ग्लास भरायला घेतले. मी म्हटलं, "अक्का, ह्या सातूत काय काय घालता?"

"गहू, डाळ्या, जिरं, सुंठ. काबर व?"

"मी तपासलं. यात प्रोटीन आहे."

भाभीने हातातला ग्लास खाली घेतला. "तपासलं? कशात?"

"लॅबमध्ये. लघवीतलं बघतो तसंच."

दोघी-तिघींनी ग्लास जमिनीवर ठेवले. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की त्यांना बसावं लागलं. "व माय! डाळ्या शेत त्या! डाळ्यामा प्रोटीन नई ऱ्हाई तं काय ऱ्हाई? मना सातू हाई लघवीमा मोजस!"

सगळ्या हसल्या. हरभऱ्याच्या डाळ्यांत प्रोटीन असतं हे मला शाळेपासून माहीत आहे. पेशंटना मीच सांगते. पण नळीत ढग बघितल्यावर मला फक्त डबा दिसला होता.

तिथे थांबायला हवं होतं. पण चारचौघींत हसं झालेलं मला सहन होत नाही. मी सरांकडे वळले. "मग डिकी का उघडत नाही तुम्ही? दीड महिना बघतेय मी."

सर म्हणाले, "ताई, राहू द्या."

"राहू द्या म्हणजे आहेच काहीतरी."

अक्कांचं हसू गेलं. त्या उठल्या, पदर सोडून झटकला, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उघडी द्या. व्हऊ द्या तिनं समाधान."

सरांनी किल्ली लावली. आत हवा भरायचा पंप होता, चिकटपट्टी होती, पाय मुरगळला तर बांधायची पट्टी होती. आणि डबा होता. पावडरचाच. संत्र्याच्या चवीची ग्लुकोज पावडर, त्यावर रबराने बांधलेला चमचा, शेजारी पाण्याची छोटी बाटली आणि बोट टोचून साखर मोजायचं यंत्र.

बाकीच्यांना काही कळलं नसेल. मला एका क्षणात कळलं. सुई घेणाऱ्या माणसाची साखर पळताना एकदम उतरली, तर पहिल्या दोन मिनिटांत जे लागतं, ते सगळं तिथे होतं.

अक्का म्हणाल्या, "सुई घेस मी. दोन टाइम. आते बठ्ठासले समजनं." सगळ्यांना कळलं, एवढंच म्हणून बाटली उचलून त्या फाटकाकडे चालायला लागल्या. ग्लास तसेच राहिले.

सर डिकी लावत म्हणाले, "एकटीला चाल म्हटलं तर कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येते. दहा जणी असल्या की तासभर पळते. म्हणून तुम्हाला जमवलं. सांगितलं असतं तर तुम्हीच तिला म्हणाला असता, अक्का, तुम्ही बसा." एवढं बोलून त्यांनी स्कूटर चालू केली आणि हळूहळू तिच्या मागे गेले.

म्हणजे त्यांचा फायदा होता. माझा संशय अगदीच खोटा नव्हता. सरांना काही विकायचं नव्हतं. आम्हा दहा जणींनाच त्यांनी औषध म्हणून आणलं होतं.

पुढचे तीन दिवस सर आले नाहीत. बॉल त्यांच्याकडे. आम्ही येऊन विटांकडे बघत उभ्या राहायचो आणि बाकीच्या माझ्याकडे. भाभी म्हणाली, "अब तुम्हीच लावा मशीन, आणि काढा त्यातून बॉल."

माझ्या तीन महिन्यांतले सहा आठवडे उरले होते. मी परत चालून बघितलं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी बूट घालून खुर्चीवर बसले आणि फोन बघत राहिले. घड्याळात साडेसहा झाले तेव्हा आईचा डावा पाय आठवला, आणि हेही कळलं की एकटीला चाल म्हटलं तर मीही कोपऱ्यापर्यंतच जाते.

रविवारी लॅब बंद करून सरांच्या घरी गेले. सर अंगणात होते, त्यांनी आत बोट दाखवलं. अक्का लसूण सोलत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं, "अक्का, माझं सहा पॉइंट चार आहे. होळीला निघालं. जूनपर्यंत उतरलं नाही तर गोळी. कोणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही."

त्या सोलायच्या थांबल्या. "तू तं लॅबवाली शे."

"म्हणूनच नाही सांगितलं. लॅबवालीचंच बिघडलं म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"मैदानवर काय सांगे तू?"

"वजन कमी करायला आले, असं."

अक्कांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "मंग, ते बी खोटं नई शे," त्या म्हणाल्या, आणि पाटाकडे हात केला. मी बसले. लसणाचा अर्धा गड्डा माझ्यापुढे सरकवला. सोलता सोलता त्यांनी दोन अटी घातल्या. एक, मैदानावर कोणी 'अक्का, बसा' म्हटलं तर त्या चप्पल मारतील, आणि पहिली मला. दोन, त्यांचं रक्त यापुढे मीच काढायचं. "गल्लीना मानूस तीनदाव टोचस. तुना हात बरा शे म्हनतस."

सोमवारी बॉल आला. निंबाखाली मी सगळ्यांना माझा आकडा सांगितला. हे मी आनंदाने केलं नाही. अक्कांचा आजार उघडा पडला आणि माझा झाकलेला, हे मला बरोबर वाटेना, एवढंच. भाभी म्हणाली, "बस? मला वाटलं अजून काही तपासलं." मग तिने स्वतःच्या रक्तदाबाबद्दल अर्धं वाक्य सुरू केलं, पण सरांनी शिट्टी वाजवली. खेळात तिने अक्कांनी मारलेला बॉल पोटावर घेऊन अडवला, अजिबात दया न दाखवता. अक्कांनी तिला अहिराणीत जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी मी सातूचं पाणी दोन ग्लास प्यायले. चव साधारण होती. मीठ जास्त होतं.

त्याच संध्याकाळी नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला की दुसरा चहा तो आता बंद करतो. भाताचे घास मोजले, पण चारच दिवस.

बुधवारी अक्का लॅबमध्ये आल्या, नाव नोंदवलं, बाही वर केली. मी सवयीने विचारलं, "उपाशी आहात ना?" त्यांनी तोंड उघडून माझ्या नाकापुढे आणलं. "वास ले, मशीन!" बाकावर बसलेला एक माणूस हसला. त्याच्या मिशीला हळद होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझी वेळ आली. स्वतःच्या लॅबवर माझा भरवसा आहे, पण स्वतःवर नाही. आकडा चांगला यावा असं वाटत असताना माणूस स्वतःची नळी नीट बघत नाही. म्हणून दोन नळ्या भरल्या. एक आमच्या मशीनला लावली. दुसरी बर्फाच्या डब्यात घालून सकाळच्या बसने स्वतः धुळ्याला घेऊन गेले. तिथे माझ्याबरोबर लॅबचा कोर्स केलेली एक मैत्रीण स्वतःची लॅब चालवते. नळीवर माझं नाव लिहिलं नव्हतं. फक्त एका पेशंटची आहे म्हटलं. ती म्हणाली, "अगं, एवढ्यासाठी बसने आलीस? पेशंट कोण, मंत्री आहे की काय?"

आमचा आकडा पाच पॉइंट नऊ आला, तिचा सहा. दोन मशिनांत एवढा फरक असतोच. दोन्ही आकडे सारखेच आले असते तर मला संशय आला असता.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. म्हणाल्या, "गोळी नको. तीन महिन्यांनी परत. काय केलंत?"

"फुटबॉल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पोहे खाऊन आलेल्या माणसाकडे मी जशी बघते, अगदी तशा. "चालत असाल तुम्ही. भात सोडला असेल."

संध्याकाळची बिस्किटं सोडली होती, त्याचाही वाटा असणार, ते मी मान्य केलं. मग सलवार गुडघ्यापर्यंत वर करून नडगीवरचा हिरवा-जांभळा डाग दाखवला. "हा परवाचा. कापड दुकानवाल्या भाभीचा पाय आहे. हवं तर उद्या साडेपाचला मैदानावर या."

त्यांनी डाग जवळून बघितला. बोटाने दाबून बघितला. खरा होता.

"आणि फी?"

"काही नाही."

"फुकट?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग त्या सरांचा यात काय फायदा?"

मी सलवार खाली केली आणि कागदांची घडी घातली. म्हटलं, "आहे त्यांचा फायदा. पण तो मी सांगणार नाही."